घरचा दिवाळी अंक: ४८ पानं, ४० प्रती आणि एक दाभण

३० ऑगस्ट २०२५, शनिवार

काल रात्री आरती झाल्यावर बाबांनी (माझे सासरे, एसटीतून रिटायर) परत ती भाकरीची गोष्ट सांगितली. फेब्रुवारीत सासूबाईंच्या मनगटाला प्लॅस्टर होतं तेव्हा वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी बाबा भाकरी थापायला शिकले, अकरा दिवस नुसते नकाशे झाले आणि बाराव्या दिवशी एक भाकरी टम्म फुगली. मी हे सहा वेळा तरी ऐकलंय. पण काल लक्षात आलं की दोहाच्या दिराला यातलं काहीच माहीत नाही, फोनवर त्याला प्लॅस्टर सांगितलं गेलं आणि भाकरी सांगायची राहिली.

तर ठरवलंय की यंदा घरचा दिवाळी अंक काढायचा. कथा कविता राशिभविष्य काही नाही, फक्त दोन गोष्टी: गेल्या दिवाळीपासून यंदाच्या दिवाळीपर्यंत ज्याने बरं वाटलं असं काहीतरी छोटं, आणि वर्षभरात जे बघितलं, वाचलं, ऐकलं त्यातलं आवडतं. घरचे, नातेवाईक आणि आमच्या बिल्डिंगमधले मिळून २३ जण. नोंदी ठेवतेय कारण असं कुणाला करायचं असेल तर माझ्या चुका तरी फुकटात मिळतील.

अंदाज: खर्च १५०० रुपये, वेळ तीन रविवार. (हे वाचून पुढे मला स्वतःलाच हसू येणार आहे असं वाटतंय.)

७ सप्टेंबर, रविवार

पहिलाच दणका. ग्रुपवर सकाळी मेसेज टाकला, "या वर्षातला तुमचा सर्वात आनंदाचा क्षण कोणता? २०० शब्दांत लिहा." संध्याकाळपर्यंत काय आलं तर चौदा अंगठे, दोन सुविचार उगवत्या सूर्यासकट, एक "सगळं देवाच्या कृपेने छान चाललंय" आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांचं "आनंद ही आतून येणारी गोष्ट आहे". कपाळ धरून बसले.

रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं म्हणून अर्धी बिल्डिंग गच्चीवर. अकराच्या सुमाराला चंद्र पूर्ण झाकला जाऊन तांबूस दिसायला लागला, मध्येमध्ये ढग येत होते, आणि ढग आले की लोकांना दुसरं काही करण्यासारखं नसल्याने सगळे बोलत होते. सकाळी अंगठा देणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मला अर्धा तास सांगत होत्या की त्या रोज रात्री सगळे झोपल्यावर हिंदीत डब केलेल्या कोरियन मालिका बघतात, दीडच्या स्पीडने, कारण "त्यांची माणसं फार हळू रडतात". वॉचमनकाका म्हणाले की पहाटे साडेचारला दूधवाल्याच्या सायकलची घंटी ऐकली की रात्र संपल्यासारखी वाटते. आणि हे सगळं मी रेकॉर्ड केलेलं नाही!! फोन हातात होता, चंद्राचे फोटो काढत होते, ते पण सगळे हललेले.

चूक प्रश्नात होती. "सर्वात आनंदाचा क्षण" म्हटलं की माणूस लग्न, बाळ, नवीन फ्लॅट असलं काहीतरी शोधायला लागतो, आणि यंदा त्यातलं काही झालेलं नसलं तर गप्प बसतो.

१० सप्टेंबर

नवे प्रश्न. ग्रुपवर टाकायचे नाहीत, एकेकाला वेगळे पाठवायचे किंवा समोर बसून विचारायचे.

वर्षभरात काय तीनदा तरी बघितलं, ऐकलं किंवा वाचलं? काय अर्धवट सोडलं? घरातला कुठला आवाज आवडतो? कुणाला न सांगता काय खाल्लं? कुठल्या गोष्टीवर शंभरच्या आत खर्च केला आणि पैसे वसूल झाले?

चार दिवसांत नाही, एका दिवसात नऊ उत्तरं. "तीनदा" वाला प्रश्न सगळ्यात भारी चालतोय कारण लोकांना आवडतं काय ते पटकन सांगता येत नाही (किंवा चारचौघांत बरं दिसेल असं सांगतात) पण तीनदा काय बघितलं हे खरं सांगावं लागतं. दिराने दोहाहून लिहिलंय की त्याने आपल्याच मुंजीची व्हिडिओ कॅसेट, जी आम्ही मागच्या वर्षी पेनड्राइव्हवर करून घेतली, ती अकरा वेळा बघितली. मुंज बघत नाही म्हणतो, मागे पंगतीत आमचे जुने शेजारी जिलबी वाढत फिरतायत तेवढंच बघतो.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज बाबा आणि आत्याबाई (बाबांच्या थोरल्या बहीण) 'दशावतार' बघून आले. सिनेमा काल लागला आणि बाबा थिएटरात गेले अकरा वर्षांनी. तिकीट, पॉपकॉर्न आणि रिक्षा यांच्या हिशोबावर बाबांची वेगळी नोंद होईल. पण आत्याबाई! दिलीप प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा आणि आत्याबाईंचाही, त्यामुळे त्यांना सिनेमापेक्षा त्या माणसाचंच जास्त कौतुक. "माझ्या वयाचा माणूस अख्खा सिनेमा ओढून नेतोय आणि मला तुम्ही जिना चढू देत नाही" असं रिक्षातून उतरताना म्हणाल्या आणि लिफ्टला न थांबता पहिल्या मजल्यापर्यंत चढून आल्या. यावेळी रेकॉर्ड केलंय.

२१ सप्टेंबर, रविवार

मजकूर गोळा करायची शेवटची तारीख कालची होती. आलेत १७. भाच्याने (नणंदेचा, पुण्यात शिकतो) दोन दिवस वाढवून मागितलेत कारण 'साबर बोंडं' हा सिनेमा परवा १९ ला लागला आणि त्याला त्यावरच लिहायचंय. दिले.

मजकूर कुठल्या कुठल्या अवतारात आलाय ते लिहून ठेवते कारण याच कामात सगळ्यात जास्त वेळ गेला:

रोमन लिपीतलं मराठी, सहा जण. हे परत टाइप करण्यावाचून इलाज नाही. "mi tar patal bhaji" मधलं पातळ भाजी का पटल भाजी हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

हाताने लिहून फोटो, चार. यात चौथीतल्या पुतण्याचं अक्षर सगळ्यात सुवाच्य.

चौथ्या मजल्यावरच्या काकांनी (आनंद आतून येतो वाले) जुन्या कॉम्प्युटरवर कृतिदेवमध्ये टाइप करून फाइल पाठवली. उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी. कृतिदेव हा जुना फॉन्ट, युनिकोड (म्हणजे आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नाही, कन्व्हर्टरमधून काढावं लागतं. काढल्यावर ऐंशी टक्के बरोबर आलं आणि उरलेल्या वीस टक्क्यांनी दोन संध्याकाळी खाल्ल्या: जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रफारांचंही तेच. हे शोधायला वाचत बसण्याऐवजी एखादी ओळ मोठ्याने वाचली तर जीभ अडखळते तिथे चूक असते, ही युक्ती लेकीची (सातवी).

आणि व्हॉइस मेसेज. फोनच्या मराठी टायपिंगला ऐकवलं की बऱ्यापैकी उतरवतं, पण सटाण्याची माझी मावशी बोलते अहिराणी. ती म्हणाली, "मना आंगनमा सकायले चिड्या येतस." (म्हणजे माझ्या अंगणात सकाळी चिमण्या येतात.) फोनने लिहिलं, "मनात अंगण मासा काय ले चिडून येतात." मी आणि लेक हसून हसून खाली बसलो. मावशीचं सगळं हाताने उतरवलं, ऐकून, थांबवून, परत ऐकून. सात मिनिटांच्या आवाजाला अडीच तास.

२४ सप्टेंबर

भाच्याचा लेख आला. ११०० शब्द! मर्यादा ३०० ची. यात सनडान्स फिल्म फेस्टिवलला जानेवारीत ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला वगैरे दोन परिच्छेद होते ते काढायला लावले, ते कुणालाही कुठेही वाचता येईल. ठेवलं काय तर त्याचं असं की वडील गेल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, तिथे त्याला जुना मित्र भेटतो, आणि अख्ख्या थिएटरात चौदा माणसं होती, पाऊण वेळ कुणी काही बोललंच नाही, बाहेर आल्यावर एका अनोळखी काकांनी याला विचारलं "चहा घेणार का?" आणि दोघं न बोलता चहा प्यायले. तेवढंच २८० शब्दांत बसलं.

मावशीला सहज फोनवर सिनेमाचं नाव सांगितलं तर ती सिनेमाचं सोडून फळावरच सुटली, निवडुंगाची लाल बोंडं, लहानपणी बांधावरून काढून आणायची, बारीक केसासारखे काटे असतात ते जायला मातीत घोळवायची, खाल्ल्यावर जीभ लालभडक आणि आईला कळायचंच. आता पंचेचाळीस वर्षांत खाल्ली नव्हती म्हणे, यंदा उन्हाळ्यात नातवाने काढून दिली. समोरासमोरच्या दोन पानांवर भाचा आणि मावशी. अख्ख्या अंकात मला स्वतःला ही जोडी सगळ्यात आवडलीय आणि ती योगायोगाने झाली, यात संपादकाचं कर्तृत्व शून्य.

२८ सप्टेंबर, रविवार

दिवसभर पाऊस, लाईट दोनदा गेली, एकदा सेव्ह न करता. पाऊण तासाचं काम पाण्यात.

मांडणी लिबरऑफिस रायटरमध्ये करतेय, फुकट आहे आणि मला येतं एवढंच कारण. पान ए५ म्हणजे ए४ ची निम्मी घडी. पानांची संख्या चारच्या पटीत लागते, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. माझं भरत होतं ४५. मग ४८ करायची ठरवली, म्हणजे कव्हरचा एक कागद आणि आतले ११. जास्तीच्या जागेत पुतण्याची चित्रं गेली.

फॉन्टचं: आधी मंगल वापरला, तर आत्याबाई म्हणाल्या "हा ल हिंदीतला आहे." खरंच की, मराठी ल आणि श वेगळे असतात हे मी शाळेनंतर विसरलेच होते. मग टिरो देवनागरी मराठी घेतला, तो गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि आपल्या वळणाचा आहे. फक्त त्यात ठळक नाही, त्यामुळे मथळ्यांना मुक्ता. अक्षर आधी ११ पॉइंट ठेवलं होतं, स्क्रीनवर मस्त दिसत होतं, एक पान छापून आत्याबाईंना दिलं तर त्यांनी हात लांब केला. १३ केलं. यात मजकूर वाढला आणि दोन चित्रं परत बाहेर गेली, पुतण्या अजून बोलत नाहीये.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते पाठवले की दाबले जाऊन येतात आणि छापल्यावर चुरमुऱ्यासारखे दिसतात. सगळ्यांना परत सांगितलं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पाच जणांनी परत तसेच पाठवले.

२ ऑक्टोबर, दसरा

प्रूफं. बाबांना संपादकीय लिहायला सांगितलं होतं, ते १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तिथून सुरू झालं आणि तिसऱ्या पानावर १९३० पर्यंतच पोचलं. बाबांना म्हटलं, बाबा तुम्ही भाकरीचं लिहा ना. "ते काय लिहायचं, ते तर झालं." शेवटी १९०९ चं एक वाक्य ठेवलं आणि उरलेलं अर्धं पान भाकरी. त्यावर सासूबाईंचं म्हणणं की माझं प्लॅस्टर कशाला चव्हाट्यावर, म्हणून "काही कारणाने स्वयंपाकघर माझ्याकडे आले तेव्हा" असं झालं. आता वाचणाऱ्याला वाटेल सासूबाई माहेरी निघून गेल्या होत्या. त्यांना ते चालणार आहे.

मोठी चूक: आत्याबाईंचा रेकॉर्ड केलेला मजकूर मी जरा नीटनेटका केला होता. त्या रोज सकाळी ट्रान्झिस्टर लावतात, आकाशवाणी, आणि दुपारी झोपताना परत. त्या बोलल्या होत्या, "मला काय ऐकू येत नाही नीट, पण चालू असलं की घरात कुणीतरी आहे." मी त्याचं "ऐकू कमी येत असले तरी रेडिओ मला सोबत करतो" केलं. फोन आला. "सोबत करतो असं मी कधी बोलले? हे कोण बोलतंय माझ्या तोंडून?" शंभर टक्के खरं. मूळ वाक्य परत घातलं आणि मग भीतीने बाकी सगळ्यांचंही तपासलं तर अजून सहा ठिकाणी मी असलीच इस्त्री फिरवलेली निघाली. ती सगळी काढली. शुद्धलेखन दुरुस्त करायचं, वाक्य नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना त्यांचं पान आधी दाखवलं. सूनबाईंना कळेल म्हणून नाव काढायला सांगितलं, मग संध्याकाळी मेसेज आला, "नाव राहू दे, तिला माहितीये, ती पण बघते."

६ ऑक्टोबर, कोजागिरी

कव्हर. लेकीने काढलंय: गच्ची, तांबूस चंद्र, पाठमोरी माणसं आणि एक जण फोनमध्ये तोंड घालून उभी, ती मी. आज गच्चीवर मसाला दूध होतं, तिथे सगळ्यांना दाखवलं. तीन जणांनी मी मजकूर दिलेला नाही पण आता देऊ का विचारलं. एकाचा घेतला, वॉचमनकाकांचा, कारण तो मीच ग्रहणाच्या रात्री रेकॉर्ड केला नव्हता. परत सांगताना घंटीचं तसंच सांगितलं आणि वर एक नवीन सांगितलं की पार्किंगमधल्या मांजरीची तीन पिल्लं पहिल्यांदा भिंतीवर चढली ती रात्र त्यांनी पूर्ण बघितली, "फोनवर बघण्यापेक्षा चांगलं होतं, जाहिरात नव्हती."

९ ऑक्टोबर, गुरुवार

छपाईच्या दुकानात. आजच्या चुका क्रमाने.

एक, पेनड्राइव्हवर रायटरचीच फाइल नेली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर माझे फॉन्ट नव्हते, त्याने स्वतःच्या मनाने दुसरे लावले आणि ४८ ची ५३ पानं झाली. घरी परत. पीडीएफ करून नेली, पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातात. पेट्रोल आणि एक तास.

दोन, पीडीएफ वाचायच्या प्रोग्राममध्ये छापताना बुकलेट म्हणून पर्याय असतो, तो पानं आपोआप लावतो, म्हणजे पहिल्या कागदावर पहिलं आणि शेवटचं पान शेजारी वगैरे. हे बरोबर झालं. पण पाठपोट छापताना कागद कुठल्या बाजूने उलटायचा ते विचारतं, आणि मी ऑपरेटरला काहीच सांगितलं नाही, त्याने नेहमीसारखी लांब बाजू ठेवली. बुकलेटला छोटी बाजू लागते. सगळ्या पाठीमागच्या पानांवरचा मजकूर शीर्षासनात. बरं एकच प्रत काढून बघावी ना, तर मी ऐटीत सहा सांगितल्या होत्या. एका प्रतीचे आतले ११ कागद, पाठपोट, बाजूला दीड रुपया म्हणजे ३३ रुपये, असे १९८ रुपये रद्दीत. ऑपरेटर बिचारा "निम्मे द्या" म्हणत होता, पूर्ण दिले, सांगायचं काम माझं होतं.

जाण्याआधी हे करा: बारा कोरे कागद दुमडून एकात एक घाला, पेन्सिलने पानांना आकडे टाका, आणि ती डमी हातात घेऊन दुकानात उभे राहा. मी हे दुसऱ्या दिवशी केलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

४० प्रती छापून झाल्या. आतलं १३२० रुपये. कव्हर २५० जीएसएमच्या (म्हणजे जाड) आर्ट कार्डावर रंगीत, बाहेरच्या बाजूनेच, २५ रुपयाला एक, असे १०००. कव्हरचे दोन नमुने वाया (५० रुपये) कारण स्क्रीनवरचा तांबूस चंद्र कागदावर टोमॅटो आला. लेकीने रंग फिका केला तेव्हा जमलं.

मधली पिन मारायची तर दुकानातलं मशीन बंद, दिवाळीच्या गर्दीत दुरुस्तीवाला येणार कधी. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही, त्याचा हात आखूड. लांब हाताचा ऑनलाइन ६४० रुपयांना होता आणि मंगळवारी येणार होता. दोन पिशव्या सुटे कागद घेऊन घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर ओतले.

सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "गोधडी काय पिनांनी शिवतात का?"

१२ ते १४ ऑक्टोबर

तीन रात्री शिवण.

पहिल्या प्रतीला २२ मिनिटं लागली. साध्या शिलाईच्या दोऱ्याने शिवली तर दोरा ओढल्यावर कागदच कापला गेला. मग गोधडीचा जाड दोरा, त्याला मेणबत्ती घासून. भोकं आधी थेट सुईने पाडत होते, ती घडीवर न पडता इकडेतिकडे पडायची. सासूबाईंनी दाभण काढलं (नवीन २० रुपयांचं आणलं कारण जुन्याला गंज) आणि बाबांनी जुनी टेलिफोन डिरेक्टरी. डिरेक्टरी मधोमध उघडी ठेवायची, तिच्या खोबणीत अंक उघडा ठेवायचा आणि घडीतून दाभण खाली दाबायचं, बरोबर घडीवर जातं. ती डिरेक्टरी टाकून द्या म्हणून मी पाच वर्षं मागे लागले होते.

भोकं तीन. एक मधोमध, बाकी दोन त्याच्यापासून सात सात सेंटीमीटरवर, पुठ्ठ्याची पट्टी करून घेतली की प्रत्येक वेळी मोजावं लागत नाही. दोरा सव्वा हात. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून थेट खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि दोन्ही टोकांची गाठ आतल्या लांब टाक्याभोवती. गाठ आत येते, बाहेरून दोन सरळ टाके दिसतात. स्टेपलरपेक्षा शंभर पट देखणं झालंय आणि हे मी प्लॅन केलेलं नव्हतं हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

वेग: मी सहा मिनिटाला एक, सासूबाई चार. (ज्या मनगटाला प्लॅस्टर होतं त्याच हाताने. विचारलं दुखतं का, तर म्हणाल्या मळायला दुखतं, शिवायला नाही.) दुसऱ्या रात्री काकू आणि त्यांची सून पण आल्या. सगळ्या शिवत होत्या आणि लेक एकेकाचं पान मोठ्याने वाचत होती, त्यामुळे अंक छापून झाल्यावर, वाटायच्या आधीच, आम्हाला आठ शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या आणि पान ३१ वर बाबांच्या भाकरीच्या फोटोखाली "माझी नवी सायकल" ही ओळ. पुतण्याच्या सायकलखाली "बारा दिवसांनी फुगली". दुरुस्त नाही केलं. कसं करणार.

दोरा ६० रुपये, दाभण २०.

१५ ऑक्टोबर

कटिंग. बारा कागद एकात एक घातले की आतले कागद दीडदोन मिलिमीटर बाहेर डोकावतात, म्हणून कडेने कापून घ्यावं लागतं, ४० प्रतींचे १०० रुपये. आणि मी पानांचे आकडे टाकले होते बाहेरच्या कोपऱ्यात, कडेपासून जेमतेम पाच मिलिमीटरवर. मधल्या पानांचे आकडे आधीच कडेकडे सरकलेले, त्यात आठ प्रतींना जरा जास्त कटिंग बसलं. त्या आठ प्रतींत २२ पासून २७ पर्यंत पानं अर्ध्या आकड्यांची आहेत. आकडे मधोमध खाली ठेवा. किंवा ठेवूच नका, इतक्या छोट्या अंकात कोण शोधतंय.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

वाटप. बाहेरगावी पाच पाकिटं स्पीड पोस्टाने, सगळी मिळून २९० रुपये. एक प्रत साधारण ७० ग्रॅम भरते, पाकीट धरून ८५ च्या आत. पाठवण्याआधी वजन करून घ्या. दोहाला पीडीएफ.

वॉचमनकाकांनी दोन प्रती मागितल्या, एक गावी पाठवायला. त्यांच्या पानाला लाल पेनने खूण केली आणि मला विचारलं हे माझं नाव छापलंय ते असंच राहणार ना.

एकूण खर्च: १३२० + १००० + १९८ + ५० + ८० + १०० + २९० = ३०३८ रुपये. एका प्रतीला ७६ रुपये. अंदाजाच्या दुप्पट. वेळेचं म्हणाल तर तीन रविवारांचे सात आठवडे झाले आणि फराळातलं अनारसं यंदा विकतचं आहे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आलेल्या प्रतिक्रिया. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी पाच दिवसांत पूर्ण वाचला आणि फक्त चुका सांगितल्या, त्यातली एक आम्हाला पण सापडली नव्हती. नणंद आल्या आल्या माझ्या नवऱ्याला म्हणाली, "दादा, बाबा भाकऱ्या करतात आणि तू मला सांगितलं नाहीस?" आज दुपारी बाबांनी तिच्यासाठी केल्या. चार. दोन फुगल्या.

सटाण्याहून मावशीचा व्हॉइस मेसेज. कुणीतरी तिला तिचंच पान वाचून दाखवलं. ती म्हणते, "बठ्ठं मीच बोलेल शे." अहिराणी आहे तशी ठेवली, बाजूला मराठी अर्थ दिला नाही याबद्दल मुंबईच्या दोन नातेवाइकांची तक्रार आहे. त्यांनी मावशीला फोन करावा.

एकाचं मात्र राहिलं. माझं स्वतःचं पान अंकात नाही. १५ तारखेला कटिंगच्या दुकानात लक्षात आलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

काम संपलं म्हणून फाइल बंद केली होती. काल रात्री भारताच्या बायकांनी नवी मुंबईत वर्ल्डकप जिंकला, पावसाने मॅच उशिरा सुरू झाली आणि संपायला मध्यरात्र. लेकीला उद्या शाळा आहे, झोप, असं मी साडेदहाला एकदा आणि अकराला एकदा म्हणाले आणि नंतर म्हणायचं सोडून दिलं. दीप्ती शर्माची पाचवी विकेट, हरमनप्रीतने मागे पळत घेतलेला कॅच, खाली पार्किंगमध्ये वॉचमनकाका ओरडतायत, आत्याबाईंचा फोन, त्यांच्याकडे रेडिओवर चालू होतं.

सकाळी लेक म्हणाली, पुरवणी काढायची. एक ए४ कागद, घडी घातली की चार पानं. पहिल्यावर मॅच, दुसऱ्यावर शुद्धिपत्र (भाकरी आणि सायकल आपापल्या जागी), तिसऱ्यावर पुतण्याची राहिलेली दोन चित्रं, आता तो बोलतोय. चौथं माझ्यासाठी ठेवलंय आणि मला प्रश्न तिने विचारले, तेच, तीनदा काय ऐकलं, काय अर्धवट सोडलं. मला पटकन काही आठवेना. मग आठवलं, मावशीचा तो सात मिनिटांचा मेसेज. उतरवताना ऐकला त्यापेक्षा नंतर जास्त वेळा ऐकलाय, मागे चिड्यांचा आवाज आहे.

मॅचचं पान लेकीने मला वाचायला दिलेलं नाही, इस्त्री फिरवशील म्हणाली. ४० कागद पाठपोट, १२० रुपये. शिवायची गरज नाही, नुसती घडी घालून अंकात सरकवायची. फ्लिप छोट्या बाजूने, आणि आधी एकच प्रत.